छाटणी, हात आणि संशय : ब्रिटन व आयर्लंडमधील वृक्षनिगेच्या व्यवसायातील ट्रॅव्हलर आणि स्थलांतरित कामगार

१. संज्ञेचा पेच

इंग्रजीतील 'ट्रॅव्हलर' हा शब्द मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकाराला आरंभीच एक अडचण जाणवते. रोमन लिपीत हा शब्द मोठ्या अक्षराने सुरू झाला की तो एका मानवसमूहाचे नाव ठरतो. लहान अक्षराने सुरू झाला की तो कोणत्याही प्रवाशाला लागू पडतो. देवनागरीत हा भेद दाखविण्याची सोय नाही. 'प्रवासी' म्हटल्यास समूह नाहीसा होतो. 'भटके' म्हटल्यास मराठीतील 'भटके-विमुक्त' या संज्ञेमागचा सारा सामाजिक व राजकीय इतिहास त्या शब्दाला चिकटतो. म्हणून या लेखात 'ट्रॅव्हलर' हा मूळ शब्दच ठेवला आहे.

ही अडचण केवळ लिपीची नाही. ब्रिटनमधील झाडांच्या छाटणीच्या व्यवसायात न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातून एखाद्या-दोन वर्षांसाठी आलेला तरुण कामगार दोर लावून झाडावर चढतो, तेव्हा त्याची भटकंती हा त्याचा अनुभव मानला जातो. आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबातील तरुण तेच काम करतो, तेव्हा त्याची भटकंती ही त्याच्याविषयीच्या संशयाची खूण ठरते. झाड तेच, करवत तीच, उंचीही तीच. फरक पडतो तो काम करणाऱ्याच्या नावामुळे. हा फरक कसा घडला, त्याला कोणती वस्तुस्थिती कारणीभूत आहे आणि कोणती भाषा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. कामाच्या पद्धतीवर ओढलेली रेघ माणसांच्या समूहावर कशी जाऊन पडते, हा येथील मुख्य प्रश्न आहे. आणि साहित्यकृती ही रेघ कोठे पुसतात व कोठे ठळक करतात, हा त्याला जोडून येणारा प्रश्न.

समूहांचा निर्देश प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील रोमानी जिप्सी हे सोळाव्या शतकापासून तेथे असलेले लोक असून त्यांच्या भाषेचे मूळ भारतीय आर्यभाषांत आहे. आयरिश ट्रॅव्हलर हे त्यांच्याहून वेगळे. ते मूळचे आयर्लंडचेच असून त्यांची शेल्टा किंवा कँट या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र बोली आहे. आयर्लंडच्या शासनाने १ मार्च २०१७ रोजी त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. ब्रिटनमध्ये ही मान्यता न्यायालयीन निर्णयांतून आली: रोमानी जिप्सींना १९८८ मध्ये, आयरिश ट्रॅव्हलरांना २००० मध्ये. तिसरा समूह पूर्व व मध्य युरोपातून अलीकडे आलेल्या रोमा लोकांचा. इंग्लंड व वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत 'जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर' अशी नोंद सुमारे ६८ हजार लोकांनी केली, तर प्रथमच उपलब्ध झालेल्या 'रोमा' या पर्यायाखाली सुमारे १ लाख १ हजार. आयर्लंडच्या २०२२ च्या जनगणनेत ट्रॅव्हलरांची संख्या ३२,९४९ होती. या समूहांखेरीज पोलंड, लिथुएनिया, रुमानिया इत्यादी देशांतून आलेले अन्य स्थलांतरित कामगार आहेत. या सर्वांना एका शब्दात कोंबण्याची सवय हाच पुढील विवेचनाचा एक विषय आहे.

२. दिसणारे काम आणि न दिसणारी इजा

वृक्षनिगा हा व्यवसाय म्हणून तसा अलीकडचा आहे. झाडाला रुग्ण आणि छाटणाऱ्याला शल्यक मानणारी 'ट्री सर्जन' ही संज्ञा विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. जॉन डेव्ही यांचे 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक १९०१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. डेव्ही हे स्वतः इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात १८४६ साली जन्मलेले, शेतावर राबून वाढलेले आणि पोटासाठी अमेरिकेत गेलेले गृहस्थ होते. ज्या व्यवसायात पुढे स्थलांतरिताकडे संशयाने पाहिले गेले, त्याला प्रतिष्ठेचे नाव मिळवून देणारा मनुष्यही स्थलांतरितच होता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

ब्रिटनमध्ये या व्यवसायाला शिस्त लावण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात जोमाने सुरू झाले. 'आर्बोरिकल्चरल असोसिएशन' ही संस्था १९६४ मध्ये स्थापन झाली. झाडकामासंबंधीचे ब्रिटिश मानक १९६६ मध्ये प्रथम निघाले. त्याच्या सुधारित आवृत्त्या १९८९ व २०१० मध्ये आल्या. १९९८ च्या कार्यसाधनविषयक नियमांनी यांत्रिक करवत चालविणाऱ्यास प्रशिक्षण आवश्यक ठरविले. मात्र 'ट्री सर्जन' या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. वैद्यकीय शल्यक म्हणवून घेण्यासाठी जी नोंदणी लागते, तशी नोंदणी येथे नाही. ज्याच्याजवळ करवत, शिडी आणि मालमोटार आहे, तो हे नाव आपल्या वाहनावर रंगवू शकतो.

याच्या जोडीला झाडाच्या शरीराचा एक धर्म लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी १९७० व १९८० च्या दशकांत दाखवून दिले की, झाड जखम भरून काढीत नाही. ते कुजका भाग भिंती घालून वेगळा काढते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड वाढविते. त्यामुळे छेद कोठे घ्यावा याला फार महत्त्व आहे. फांदी जेथे खोडातून फुटते तेथे एक फुगीर कडे असते. त्या कड्याच्या बाहेरून छेद घेतला तर झाड जखमेवर कड काढते. कडेच कापले तर कूज खोडात उतरते. शेंडाच उडवून झाड बोडके केले तर पहिल्या दोन हंगामांत भरपूर धुमारे फुटतात, झाड हिरवेगार दिसते आणि घरमालक समाधान पावतो. हे धुमारे खोडाला वरवर जोडलेले असतात. काही वर्षांनी वादळात ते मोडून पडतात आणि तोवर खोड पोकळ झालेले असते.

संशयाची पहिली घडण येथे आहे. ग्राहकाला कामाची पारख करता येत नाही. आणि इजा उघड होते तेव्हा कामाचा दिवस विस्मरणात गेलेला असतो. काम पारखता येत नाही तेव्हा माणूस काम करणाऱ्याला पारखू लागतो. त्याची बोली, त्याचे कपडे, त्याच्या वाहनावरचा दूरध्वनी क्रमांक, तो कोठे राहतो, हे सारे कामाच्या दर्जाचे पुरावे बनतात. ज्याचा पत्ता कायम आहे त्याच्यावर विश्वास टाकता येतो, कारण उद्या तक्रार घेऊन जाण्यासाठी एक दार आहे. ज्याचे बिऱ्हाड चाकांवर आहे त्याच्याबाबतीत ते दार नाही. हा विचार अगदी निराधार म्हणता येणार नाही. दारी येऊन 'तुमचे झाड धोकादायक झाले आहे' असे सांगणे, थोडक्या रकमेत काम ठरविणे, काम झाल्यावर रक्कम वाढविणे, वृद्ध व एकट्या माणसांना गाठणे, विमा नसणे, छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला टाकून जाणे असे प्रकार घडतात आणि त्यांची झळ बसलेली माणसे खरी असतात. त्यांचे दुःख नाकारून ट्रॅव्हलरांची बाजू मांडता येणार नाही. प्रश्न निर्माण होतो तो पुढच्या पायरीवर. शहरातील कायम पत्त्याची एखादी पेढी ग्राहकाच्या आग्रहाखातर झाडाचा शेंडा उडविते, तेव्हा दोष त्या पेढीचा मानला जातो. तेच काम ट्रॅव्हलर कुटुंबाने केले तर दोष 'त्या लोकांचा' ठरतो.

३. या कामाकडे येण्याची वाट

ट्रॅव्हलर आणि जिप्सी कुटुंबे झाडकामाकडे वळली ती जुनी कामे हातची गेल्यामुळे. प्लास्टिकच्या आगमनाने कल्हई व पत्र्याच्या भांड्यांचा धंदा बसला. घोड्यांची देवघेव ट्रॅक्टरांनी संपविली. दक्षिण इंग्लंडमधील हॉप-काढणीचा हंगाम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत यंत्रांनी आटोपता घेतला. याच सुमारास झाडांवर आपत्ती आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पसरलेल्या डच एल्म रोगाने ब्रिटनमधील सुमारे अडीच कोटी एल्म वृक्ष मारले. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीच्या वादळाने दक्षिण इंग्लंडात सुमारे दीड कोटी झाडे आडवी केली. २०१२ पासून ॲश वृक्षांना मरगळ आणणाऱ्या बुरशीने पुन्हा तशीच परिस्थिती ओढवली. मेलेली, वाळलेली, रस्त्यावर झुकलेली झाडे काढण्यासाठी अल्पकाळात मोठ्या मनुष्यबळाची गरज निर्माण झाली. कायम नोकरांच्या पेढ्या अशा लाटेला पुरे पडत नाहीत. वाहन, हत्यारे आणि घरचीच माणसे घेऊन हिंडणारे कुटुंब पुरे पडते. लाकूड सरपण म्हणून विकले की दुहेरी मिळकतही होते.

मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ओकली यांनी १९७० च्या दशकात दक्षिण इंग्लंडमधील जिप्सींच्या तळांवर राहून केलेला अभ्यास 'द ट्रॅव्हलर-जिप्सीज' या १९८३ च्या ग्रंथात मांडला आहे. कुणाच्या हाताखाली मजुरी न करता स्वतःचा धंदा स्वतः करणे, हे या समाजाच्या अर्थव्यवहाराचे केंद्र आहे असे त्यांनी दाखविले. त्यांचे आणखी एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. जिप्सी आपली ओळख कामानुसार वेगवेगळ्या रीतीने वापरतात: भविष्य सांगताना ती रंगवून दाखवितात, काही कामांत ती हीन रूपात पुढे करून दया मिळवितात, काही ठिकाणी ती दोन्ही पक्षांना निरर्थक होते आणि काही ठिकाणी ती पूर्णपणे लपवावी लागते. घरमालकाच्या अंगणात शिरून करावयाची कामे सामान्यतः या शेवटच्या प्रकारात मोडतात. याचा अर्थ असा की, नीट काम करून, ठरलेली रक्कम घेऊन निघून गेलेला ट्रॅव्हलर हा ग्राहकाच्या लेखी ट्रॅव्हलर नसतोच. तो केवळ एक छाटणारा असतो. फसवणूक उघड झाली तरच ओळख उघड होते. चांगल्या कामाची नोंद समूहाच्या खात्यावर कधी चढत नाही आणि वाइटाची मात्र चढते. प्रतिमा काळीच राहण्याचे कारण या हिशेबातच दडलेले आहे.

४. शिव्यांचा व्यवसायकोश

इंग्रजीत या समूहांसाठी वापरल्या जाणाऱ्या अपशब्दांकडे भाषाभ्यासकाने पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. 'टिंकर' म्हणजे पत्र्याची भांडी घडविणारा, सांधणारा. आयर्लंडमध्ये आजही झोंबणारा 'नॅकर' हा शब्द मूळचा म्हाताऱ्या घोड्यांची विल्हेवाट लावणाऱ्याचा. 'पाइकी' हा शब्द सामान्यतः 'टर्नपाइक', म्हणजे पथकर घेतला जाणारा रस्ता, यावरून आला असे मानतात. दोन शब्द व्यवसायांचे आणि एक रस्त्याचा. कोणाच्याही स्वभावाचे, दुर्गुणाचे वर्णन त्यांत मुळात नाही. ज्या कष्टाची समाजाला गरज होती त्याच कष्टाचे नाव शिवी झाले. जातिनामांचा शिवी म्हणून होणारा वापर ज्या मराठी वाचकाने पाहिला-ऐकला आहे, त्याला ही प्रक्रिया वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

वृक्षनिगेच्या व्यवसायात हीच प्रक्रिया दोन दिशांनी चालते. 'सर्जन' हा शब्द छाटणाऱ्याला वैद्यकाच्या पायरीवर नेतो. त्याच वेळी ज्यांना त्या पायरीखाली ठेवायचे त्यांच्यासाठी 'काउबॉय' हा शब्द येतो. हा अकुशल, बेजबाबदार कारागिरासाठी ब्रिटनमध्ये सर्व धंद्यांत चालणारा शब्द. तोवर तो पद्धतीविषयीच असतो. बोलता बोलता 'काउबॉय'च्या जागी 'पाइकी' येतो, आणि पद्धतीविषयीचे विधान वंशाविषयीचे होऊन बसते. प्रशिक्षण घेतलेल्या, विमा भरलेल्या, मानकाप्रमाणे छेद घेणाऱ्या कारागिराचा राग समजण्यासारखा आहे, कारण नियम न पाळणारा त्याच्यापेक्षा निम्म्या किमतीत काम उचलतो. पण हा राग ज्या शब्दातून बाहेर पडतो, तो शब्द प्रमाणपत्र घेतलेल्या ट्रॅव्हलर कारागिरालाही बाहेर ढकलतो. मग त्याने प्रमाणपत्र घ्यावे तरी कशाला, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

५. स्थलांतरिताचे वेगळे चित्र

१ मे २००४ रोजी पूर्व व मध्य युरोपातील आठ देश युरोपीय संघात आले. त्यांच्या कामगारांना ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन या तीनच जुन्या सदस्य देशांनी आपला श्रमबाजार पहिल्या दिवसापासून खुला केला. रुमानिया व बल्गेरिया २००७ मध्ये आले. त्यांच्या कामगारांवरील ब्रिटनमधील निर्बंध १ जानेवारी २०१४ रोजी उठले. बांधकाम, शेती, अन्नप्रक्रिया यांप्रमाणे वृक्षनिगेतही हे कामगार आले. त्यांतील काहींपाशी 'युरोपियन ट्री वर्कर' हे युरोपभर चालणारे प्रमाणपत्र होते. बहुतेकांनी जमिनीवर फांद्या ओढण्यापासून सुरुवात केली.

या कामगारांविषयीची वृत्ती ट्रॅव्हलरांविषयीच्या वृत्तीहून वेगळी, किंबहुना उलट्या क्रमाने रचलेली दिसते. ट्रॅव्हलर नोकरी करीत नाही म्हणून संशयित. स्थलांतरित नोकरी करतो म्हणून अप्रिय. पहिला कष्ट टाळतो असे म्हटले जाते, दुसरा फार कष्ट करतो आणि त्यामुळे मजुरीचा दर उतरतो असे. एकाचे वर्णन 'कायदा न मानणारा', दुसऱ्याचे 'निमूटपणे ऐकणारा'. मालक ज्या गुणाची स्तुती करतो त्याच गुणावर सहकारी नाराज असतो. रोमा कामगाराच्या वाट्याला तर ही दोन्ही चित्रे एकाच वेळी येतात: पारपत्रामुळे तो स्थलांतरित, चेहऱ्यामुळे जिप्सी. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमधील युरोपीय संघाच्या नागरिकांचा मुक्त संचार संपला. त्यानंतर जे आधीपासून राहत होते ते वसाहतीच्या योजनेखाली राहिले; नव्यांची वाट अरुंद झाली.

परस्परविरोधी अशा या दोन चित्रांत समान काय आहे, हे पाहिले पाहिजे. दोन्ही चित्रे स्थायिक मनुष्याच्या सोयीने काढलेली आहेत. झाडावर चढणारा काय पाहतो, काय भितो, कोणता छेद घेताना त्याचा हात थबकतो, याला त्यांत स्थान नाही. ते स्थान शोधण्यासाठी साहित्याकडे वळावे लागते.

६. साहित्यातील झाडे आणि हात

इंग्रजी साहित्यात जिप्सी पुष्कळ आहेत. काम करणारे जिप्सी थोडे आहेत. जेन ऑस्टिनच्या 'एमा' मध्ये ते रस्त्यावरचे भय म्हणून येतात. मॅथ्यू अर्नल्डच्या 'द स्कॉलर जिप्सी' या १८५३ च्या कवितेत ते आधुनिक जीवनाच्या शिणवट्यावरचा उतारा होतात. भय आणि मोह या दोन टोकांमधील जागा, म्हणजे रोजचे काम, बहुतांश रिकामी राहते. आयरिश नाटककार सिंग यांच्या 'द टिंकर्स वेडिंग' मध्ये काम आहे, पण ते फसवणुकीच्या कथानकात गुंफलेले. लग्न लावण्याच्या मोबदल्यात पाद्र्याला काही पैसे व एक पत्र्याचे भांडे द्यायचे ठरते; म्हातारी ते भांडे दारूसाठी परस्पर लांबविते आणि गाठोड्यातून रिकाम्या बाटल्या निघतात. ठरलेली वस्तू न मिळणे, गिऱ्हाईक संतापणे आणि पोलिसांची धमकी हा दारोदार धंद्याविषयीच्या संशयाचा संपूर्ण आराखडा या छोट्या नाटकात सापडतो. मात्र सिंग यांचा पाद्रीही पैशांची घासाघीस करतो, हे विसरता कामा नये. सौदा दोघांचा आहे. कलंक एकालाच लागतो.

झाडकामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची साहित्यकृती म्हणजे टॉमस हार्डी यांची १८८७ ची 'द वुडलँडर्स' ही कादंबरी. तीत जिप्सी नाहीत. तीतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या जंगलाच्या आश्रयाने राहणारी आहेत. घरासमोरचा उंच एल्म आपल्यावर पडणार या भीतीने जॉन साउथ अंथरूण धरतो. जाइल्स विंटरबोर्न झाडावर चढून खालच्या फांद्या छाटीत वर वर जातो. पुढे तरुण डॉक्टर ते झाडच तोडण्याचा सल्ला देतो. झाड नाहीसे झालेले पाहून साउथ हाय खातो आणि मरतो. त्याच्या आयुष्याशी बांधलेले घरांचे पट्टे त्याच्याबरोबर संपतात आणि जाइल्स बेघर होतो. पुढे तो सफरचंदाच्या दारूचे यंत्र घेऊन गावोगाव हिंडतो, जंगलातील झोपडीत राहतो आणि तीही दुसऱ्याला देऊन उघड्यावर आजारी पडून मरतो. शास्त्र शिकलेल्या डॉक्टराने झाडाबाबत दिलेला निर्णय चुकीचा ठरतो आणि त्याची किंमत छाटणारा मोजतो. स्थायिक आणि भटका हे दोन स्वभाव नसून त्यांच्यामध्ये एका भाडेपट्ट्याचे अंतर असते, हे हार्डींनी कोणताही युक्तिवाद न करता दाखविले आहे.

हेच अंतर एकविसाव्या शतकातील कादंबऱ्यांत देशांच्या सीमांवर पसरलेले दिसते. रोझ ट्रेमेन यांच्या 'द रोड होम' (२००७) मधील लेव्ह पूर्व युरोपातून लंडनला येतो, कारण तो ज्या लाकूड-गिरणीत होता ती आसपासची झाडे संपल्यामुळे बंद पडली. मरिना लेविका यांच्या 'टू कॅरव्हॅन्स' (२००७) मधील स्ट्रॉबेरी तोडणारे स्थलांतरित मजूर केंटमधील एका शेतात दोन कॅरव्हॅनमध्ये राहतात. ट्रॅव्हलरांचे कॅरव्हॅन म्हणजे बेशिस्त आणि मजुरांचे कॅरव्हॅन म्हणजे मालकाने केलेली सोय. वाहन एकच, अर्थ मालकी हक्कावर ठरतो. जेझ बटरवर्थ यांच्या 'जेरुसलेम' (२००९) या नाटकात विल्टशरच्या जंगलात कॅरव्हॅन लावून राहणारा जॉनी बायरन आपल्या रोमानी रक्ताचा अभिमान सांगतो आणि नगरपरिषदेची हुसकावणीची नोटीस त्याच्या दारावर लागते. येथे जंगल इंग्लंडच्या आत्म्याचे प्रतीक होते. प्रतीक म्हणून जंगल आणि जंगलवासी दोन्ही प्रिय. शेजारी म्हणून मात्र नकोत, हा विरोध नाटकाने उघड केला.

या सर्व कृती बाहेरून लिहिलेल्या आहेत. आतून आलेला आवाज संख्येने लहान, पण महत्त्वाचा आहे. नॅन जॉइस यांचे 'ट्रॅव्हलर' हे आत्मकथन १९८५ मध्ये आले. १९८२ मध्ये आयर्लंडची सार्वत्रिक निवडणूक लढविणाऱ्या त्या ट्रॅव्हलर स्त्री होत. नाटककार व निबंधकार रोझलीन मॅकडोना यांचा 'अनसेटल्ड' हा निबंधसंग्रह २०२१ चा. डेमिअन ले बा यांनी 'द स्टॉपिंग प्लेसेस' (२०१८) मध्ये आपल्या पूर्वजांच्या मुक्कामांच्या जागा पुन्हा हिंडून पाहिल्या. या लेखनाने भय आणि मोह या दोन टोकांमधील रिकामी जागा भरण्यास प्रारंभ केला आहे.

७. कायद्याच्या दोन रेघा

वृत्ती शब्दांत राहत नाही. ती कायद्यात उतरते. १५३० च्या कायद्याने 'इजिप्शियन' म्हणविल्या गेलेल्या लोकांना इंग्लंड सोडण्यास फर्मावले. १८२४ च्या भटकेपणाविषयीच्या कायद्याने चालचलनाच्या नावाखाली अनेकांना पकडण्याची सोय केली. १९६८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर तळ पुरविण्याची जबाबदारी टाकली; १९९४ मध्ये ती काढून घेण्यात आली. २०२२ च्या पोलीस व गुन्हेविषयक कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये परवानगीविना जमिनीवर वाहनासह मुक्काम करून, सांगूनही न हलणे, काही अटींनुसार, गुन्हा ठरविले. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद आणि वाहनाची जप्ती होऊ शकते. ज्याचे वाहन हेच घर आणि हेच हत्यारांचे कोठार आहे, त्या कारागिराच्या दृष्टीने एका जप्तीत निवारा आणि उपजीविका दोन्ही जातात.

नियोजनाच्या धोरणातील विरोधाभास तर अधिक बोलका आहे. इंग्लंडमध्ये २०१५ च्या धोरणानुसार वय वा आजारामुळे कायमचे हिंडणे सोडलेल्यांना तळाच्या जागेसाठी ट्रॅव्हलर मानले जात नसे. २०२२ मध्ये अपील न्यायालयाला यात भेदभाव आढळला आणि २०२३ च्या अखेरीस व्याख्या बदलण्यात आली. म्हणजे मधली काही वर्षे कामासाठी हिंडत राहणे हा तळ मिळविण्याचा पुरावा होता, आणि तेच हिंडणे घरमालकाच्या दारी संशयाचा पुरावा होते.

याउलट, पद्धतीवर नेमकेपणाने रेघ ओढणारे कायदेही आहेत. घरी येऊन केलेल्या करारातून चौदा दिवसांत माघार घेण्याचा अधिकार ग्राहकाला देणारे २०१३ चे नियम आणि करवतीच्या प्रशिक्षणाचे १९९८ चे नियम कोणत्याही समूहाचे नाव घेत नाहीत. फसलेल्या वृद्धेला संरक्षण यांनी मिळते. समूहावरील संशयाने तिला काहीच मिळत नाही. उलट गोड बोलणारा, कायम पत्त्याचा फसव्या तिच्या नजरेतून निसटतो.

८. मराठीच्या बाजूने

या विषयाशी मराठीचा संबंध दोन प्रकारचा आहे. पहिला भाषेचा. रोमानी भाषेत झाडाला 'रुख' म्हणतात. जुन्या मराठीतील 'रूख' आणि प्राकृतातील 'रुक्ख' यांचाच तो सोयरा. मराठी भाषेच्या घडणीवर १९२० मध्ये मूलगामी ग्रंथ लिहिणारे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लोक यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९५३ मध्ये, जिप्सींवर छोटे पुस्तक लिहिले, हा योगायोग नव्हे. आर्यभाषांचा अभ्यास त्यांना दोन्हीकडे घेऊन गेला. अर्थात हा संबंध रोमानींपुरता आहे. आयरिश ट्रॅव्हलरांशी आपले भाषिक नाते नाही आणि ते ओढून आणण्याचे कारणही नाही.

दुसरा संबंध अनुभवाचा. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा ब्रिटिश राज्यकर्त्यांनी उत्तर हिंदुस्थानात आणला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह इतरत्र लागू करण्याची वाट झाली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र राहिला. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये फोकांच्या टोपल्या विणीत गाढवांवर बिऱ्हाड घेऊन फिरणारे कैकाडी कुटुंब आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या शिक्क्याखालच्या जगण्याची कथा सांगते. ही आत्मकथने मराठी वाचकाला एक गोष्ट शिकवून गेली: जो चोरी करतो त्याचा गुन्हा लपवायचा नाही, आणि जी जमात चोर म्हणून नोंदविली गेली तिचा इतिहासही लपवायचा नाही. दोन्ही एकाच पुस्तकात, एकाच प्रामाणिकपणे सांगता येतात.

तुलना करताना मर्यादा सांभाळणे अगत्याचे आहे. हिंदुस्थानातील कायद्याने जमातींची नावेच यादीत घातली. ब्रिटनमधील अलीकडच्या कायद्यांनी नाव न घेता राहणीवर बोट ठेवले. येथे जातिव्यवस्था आहे, तेथे ती नाही. म्हणून कैकाडी आणि आयरिश ट्रॅव्हलर यांचे समीकरण मांडणे चुकीचे होईल. समान आहे ती वाक्यरचना: 'त्याने वाईट काम केले' या वाक्याचे 'ते लोक असेच' या वाक्यात होणारे रूपांतर. एकवचनाचे अनेकवचन होते आणि भूतकाळाचा रीतिकाळ. तौलनिक अभ्यासकाने व्याकरणातील या दोन बदलांवर लक्ष ठेवले तरी पुरेसे आहे. ब्रिटनमधील पत्रकांत, मराठीतील पोलीस-कथांत आणि एकोणिसाव्या शतकातील राजपत्रांत ते सारखेच ओळखता येतील.

झाडाच्या बाबतीत शायगो यांनी जे सांगितले ते येथेही विचारात घेण्याजोगे आहे. छेद कोणाच्या हातचा आहे हे झाडाला कळत नाही. तो कड्याच्या आत घेतला की बाहेर, एवढेच कळते. झाडकामाविषयीच्या कोणत्याही साहित्यकृतीपुढे, वृत्तापुढे वा आत्मकथनापुढे प्रथम हाच प्रश्न ठेवावा: येथे छेदाविषयी बोलले जात आहे की हाताविषयी? त्याचे उत्तर मिळाल्यावर त्या कृतीची भूमिका वेगळी शोधावी लागत नाही.